रिकाम्या आभाळाची छपाई : बेळगावातल्या एका कृष्णधवल छपाईघराचा अनुभव

गेल्या डिसेंबरात बेळगावजवळच्या राकसकोपच्या जलाशयावर काढलेला एक फोटो माझ्या संगणकात चार महिने पडून होता. त्यात धुके आहे, पाणी आहे आणि पाण्यात उभे असलेले एक वाळलेले झाड आहे. चौथी वस्तू नाही. पाणी कुठे संपले आणि आभाळ कुठे सुरू झाले, हेही त्यात कळत नाही. पडद्यावर हे चित्र मनासारखे दिसत होते, पण फोटो कागदावर उतरल्याशिवाय पुरा झाला असे मला वाटत नाही, आणि तो उतरवायला कोणाकडे द्यावा हे ठरत नव्हते. एका मोठ्या शहरातल्या छपाई सेवेकडे ऑनलाइन पाठवून पाहिला. कुरिअरने आलेल्या प्रिंटमध्ये धुक्याला हिरवट झाक होती आणि आभाळात रुंद, फिकट पट्ट्या पडल्या होत्या. बाजाराच्या किंवा जत्रेच्या फोटोत ही झाक आणि या पट्ट्या कोणाच्या नजरेलाही आल्या नसत्या. माझ्या चित्रात बहुतेक जागा धुक्यानेच व्यापलेली असल्यामुळे दोष लपायला आडोसाच उरला नव्हता.

त्यानंतर एका स्नेह्यांनी शहापूर भागातल्या एका छपाईघराबद्दल सांगितले, आणि एप्रिलपासून आजपर्यंत मी तिथून तीन प्रिंट करून घेतल्या. तो अनुभव सविस्तर लिहितो आहे, कारण बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मनापासून कृष्णधवल निसर्गचित्रण करणारे अनेकजण अजूनही चांगल्या प्रिंटसाठी पुण्याकडे नाहीतर बंगळूरकडे बघतात. छपाईघराचे मालक मुख्य छपाई सहसा एकट्यानेच करतात, महिन्याला मोजकीच कामे हाती घेतात, आणि नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे. ती मी पाळतो.

बाहेरची खोली कोणत्याही गल्लीतल्या स्टुडिओसारखी आहे. पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, लग्नाचे अल्बम अशी रोजची कामे तिथे चालतात. मागची खोली मात्र वेगळी. रोलच्या काळात ती डार्करूम होती आणि हायपोचे (फोटो पक्का करणाऱ्या रसायनाचे) ट्रे धुण्याचे जुने सिंक अजून तिथे आहे. भिंतींना फिकट करडा रंग दिला आहे, कारण रंगीत भिंतीचा उजेड कागदावर पडला की पांढऱ्याचा अंदाज चुकतो. उत्तरेच्या बाजूला एक खिडकी आहे आणि टेबलावर दोन जातींचे दिवे आहेत. १७ इंच रुंदीचा, पिगमेंट शाईचा प्रिंटर मधोमध ठेवला आहे. त्यात काळ्या शाईच्या तीन घनता आहेत : गडद काळी, करडी आणि फिकट करडी. कृष्णधवल छपाईत याच तीन शायांचे काम सगळ्यात जास्त असते. करडा रंग निळ्या, किरमिजी आणि पिवळ्या शाईच्या मिश्रणातून बनवला, तर एका उजेडात तो हिरवा आणि दुसऱ्या उजेडात जांभळा दिसू शकतो. माझ्या आधीच्या प्रिंटमधल्या हिरवट झाकेचे कारण मला इथे पहिल्यांदा समजले.

मालकांना सगळे अण्णा म्हणतात. मी पेनड्राइव्ह दिला, पडद्यावर फोटो उघडला, तेव्हा शेजारी उभा असलेला त्यांचा तरुण मदतनीस म्हणाला, “हे काय ओ सर, ह्यात काय नाहीच की!” अण्णांनी चष्मा वर केला, पडद्याच्या जवळ गेले, आणि झाडाकडे न बघता वरच्या डाव्या कोपऱ्याकडे बघत राहिले. “नाही म्हणूनच वेळ लागणार ह्याला,” एवढेच ते म्हणाले. पुढचा पाऊण तास आम्ही त्या कोपऱ्यावरच बोललो.

या चर्चेतले मुद्दे इथे देतो, कारण छपाईघराची खरी किंमत त्यातच आहे.

पहिला मुद्दा फाइलचा होता. मी आठ बिटची जेपेग फाइल नेली होती. आठ बिटमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या असतात, आणि नेहमीच्या फोटोला त्या पुरतात. माझ्या धुक्यातला उजेड मात्र खालून वर जाताना २२८ पासून २४८ पर्यंतच चढत होता, म्हणजे चित्राच्या सगळ्या उंचीत मिळून फक्त २० पायऱ्या. प्रिंटची उंची ३०० मिलिमीटर धरली, तर एकेक पायरी १५ मिलिमीटर रुंद होते. एवढी रुंद पायरी डोळ्याला पट्टी म्हणून दिसणारच. आधीच्या प्रिंटमध्ये पडलेल्या पट्ट्यांचा सगळा दोष त्या छपाई सेवेवर टाकणे त्यामुळे बरोबर होणार नाही. काही भाग माझ्या फाइलचा होता. अण्णांनी मला घरी परत पाठवले आणि कॅमेऱ्याच्या मूळ रॉ फाइलमधून १६ बिटची टिफ करून आणायला सांगितले. त्याच पल्ल्यात १६ बिटच्या फाइलमध्ये पाच हजारांहून जास्त पायऱ्या असतात. त्यावर त्यांनी अगदी बारीक, दिसेल न दिसेल असे ग्रेन, म्हणजे दाणे, मिसळले, म्हणजे एका करड्यातून दुसऱ्या करड्यात जाताना कडा राहत नाही.

दुसरा मुद्दा पांढऱ्याचा होता. पडद्यावरचा शुद्ध पांढरा, म्हणजे २५५, कागदावर छापलाच जात नाही. तिथे शाईचा एकही थेंब पडत नाही आणि नुसता कागद उरतो. झाडीत कुठेतरी असा ठिपका असला तर काही बिघडत नाही. पण धुक्याचा मोठा भाग असा कोरा राहिला, तर चित्राची कड आणि भोवतीचा समास यांत फरकच उरत नाही, आणि जवळून तिरके पाहिल्यावर शाई असलेला आणि नसलेला भाग वेगवेगळा चमकतो. अण्णांनी सगळ्यात उजळ धुके २४४ वर आणून ठेवले. एवढ्याशा फरकाने धुक्याला अंग आले. आधी ते कागदाचा रिकामा तुकडा वाटत होते, आता हवा वाटू लागली.

याच ओघात कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरचाही विषय निघाला. कॅमेऱ्याचा मीटर समोरचे जे काही असेल ते मधल्या करड्यावर, म्हणजे साधारण १८ टक्के परावर्तनावर, आणू बघतो, त्यामुळे मीटरवर विसंबून काढलेले धुके राखेसारखे येते. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी १९४० च्या सुमारास मांडलेल्या झोन पद्धतीत, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेडाचे टप्पे पाडणाऱ्या पद्धतीत, मधला करडा पाचव्या झोनमध्ये असतो आणि पोत दिसेल असा उजळ भाग सातव्या झोनमध्ये, म्हणजे दोन स्टॉप वर (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). राकसकोपला मी एकच स्टॉप जास्त दिला होता. अण्णांनी फोटोतल्या उजेडाचा आलेख बघूनच ते ओळखले. ते डार्करूममध्ये शिकलेले आहेत, आणि प्रिंट कशी होणार हे शटर दाबतानाच ठरते, ही त्यांची धारणा त्यांच्या प्रत्येक प्रश्नातून जाणवते.

मुख्य प्रिंटच्या आधी इथे चाचणीपट्टी काढतात. त्याच कागदावर चित्राचा तीन इंच रुंदीचा उभा तुकडा छापून २४ तास वाळू देतात आणि मग खिडकीपाशी, दिव्याखाली आणि थोड्या अंधारात असा तीनदा बघायला लावतात. माझ्या पट्टीवर अण्णांनी झाडाच्या वर चार बोटांवर पेन्सिलीने एक बारीक गोल केला. तिथे कॅमेऱ्यात उजेड टिपणाऱ्या सेन्सरवरच्या धुळीचा एक डाग होता, मोहरीएवढासुद्धा नाही. पडद्यावर मला तो महिनोन्‌महिने दिसला नव्हता. रिकाम्या आभाळात मात्र तो दूर उडणाऱ्या पक्ष्यासारखा दिसत होता आणि झाडावरची नजर स्वतःकडे ओढून घेत होता. कमी वस्तूंच्या चित्रात आगंतुक ठिपकासुद्धा पात्र होऊन बसतो.

एवढी काळजी घेऊनही पहिली प्रिंट चुकीची झाली, आणि ती चूक सांगितली पाहिजे. मी घ्यायला गेलो तेव्हा अण्णा गावाला गेले होते. मदतनिसाने प्रिंट समोर ठेवली, तर झाड मधोमध आणि दुप्पट मोठे. त्याने आभाळाचा आणि पाण्याचा बराच भाग कापून टाकला होता. मी विचारल्यावर तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, “सर, झाड लहान दिसत होतं, म्हणून जरा जवळ घेतलं.” त्याच्या मनात काही वाईट नव्हते. लग्नाच्या फोटोत नवरा-नवरी लहान दिसली तर गिऱ्हाईक रागावते, हे तो शिकला होता आणि तसाच वागला. पण माझे चित्र त्या लहानपणावरच उभे होते. झाड चौकटीच्या उंचीच्या जेमतेम आठव्या हिश्शाएवढे आणि उजवीकडे सरकलेले होते. त्याच्या डावीकडे जी मोठी मोकळी जागा होती, तिच्यामुळे ते पाण्यात एकटे उभे असल्याचे जाणवत होते. ती जागा काढल्यावर उरला तो एका वाळक्या झाडाचा फोटो. दोन दिवसांनी अण्णांनी फोन करून दिलगिरी व्यक्त केली आणि पैसे न घेता नवी प्रिंट काढून दिली. आता ऑर्डरच्या चिठ्ठीवर चौकटीचे माप लिहून त्याखाली सही घेतात, हा बदल त्यानंतरचा आहे.

मिनिमल, म्हणजे मोजक्याच वस्तूंच्या, चित्राची ही अडचण फक्त त्या मुलाची नाही. कमी वस्तू म्हणजे कमी काम, आणि रिकामी जागा म्हणजे वाया गेलेली जागा, अशी समजूत आपल्याकडे पुष्कळांची असते. जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतो १९८० पासून जगभरच्या समुद्रांचे कृष्णधवल फोटो काढत आले आहेत. त्यात क्षितिजाची रेघ मधोमध असते, वर आभाळ आणि खाली पाणी. होडी नाही, किनारा नाही, पक्षी नाही. ते फोटो शेजारी शेजारी लावले की एकाची हवा कोरडी आणि दुसऱ्याची दमट असल्याचे दिसते, कारण बघायला दुसरे काही ठेवलेलेच नाही. १९५३ साली इंग्लंडमध्ये जन्मलेले मायकेल केना यांचे होक्काइदोमधल्या बर्फाचे फोटोही असेच आहेत : पांढरे शेत, त्यात कुंपणाच्या काठ्यांची एक ओळ किंवा एकच झाड. केना आपल्या प्रिंट जेमतेम आठ इंच चौरस ठेवतात. एवढ्या लहान कागदाजवळ माणसाला चालत जावे लागते, आणि तिथे पोचल्यावर त्या पांढऱ्यातले बारीक फरक दिसू लागतात. हे मला माहीत असूनही मी २४ इंचांच्या प्रिंटचा हट्ट धरला होता. अण्णांचा प्रिंटर तेवढा रुंद नाही हे एक कारण झाले, पण त्यांनी मला आधी १२ इंची चौरस प्रिंट घेऊन घरी लावून बघायला सांगितले. ती लावल्यावर मोठ्या प्रिंटची आठवण मला राहिली नाही.

दुसरी प्रिंट हिडकलची. घटप्रभेवरच्या या धरणाच्या पाण्यात हुन्नूरचे विठ्ठल मंदिर बुडालेले आहे आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की ते वर येते. मे महिन्यात संध्याकाळी मी तिथे गेलो, तेव्हा मंदिराचा पाया अजून पाण्यातच होता. दहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड अडवणारी गडद काच, लावला. तो उजेडाचा साधारण हजारावा भाग आत सोडतो. फिल्टरशिवाय १/४ सेकंद येत होते, त्यामुळे फिल्टर लावल्यावर २५६ सेकंद, म्हणजे सव्वाचार मिनिटे शटर उघडे ठेवले. या वेळात पाण्यावरच्या लाटा एकमेकींत मिसळून जातात आणि पाणी पाटीसारखे सपाट होते. किनाऱ्यावरची ये-जा, वाऱ्याने हलणारे गवत, काहीच उरत नाही. मंदिर आणि त्याभोवतीचा शांत करडा विस्तार तेवढा राहतो. असे फिल्टर रंगीत फोटोला अनेकदा निळी किंवा तपकिरी छटा देतात, पण कृष्णधवलमध्ये त्याची फिकीर नाही.

छपाईच्या वेळी मात्र वेगळीच गोष्ट पुढे आली. मेच्या उकाड्यात सव्वाचार मिनिटे चालू राहिलेला सेन्सर तापतो, आणि त्यातले काही बिंदू उजेड नसतानाही पांढरे पेटतात. मंदिराच्या दाराच्या काळ्या चौकोनात असे बरेच ठिपके होते. माझ्या लॅपटॉपवर ते दिसले नव्हते. चाचणीपट्टीवर मीठ सांडल्यासारखे दिसले. अण्णांनी एकेक ठिपका हाताने पुसला, त्यात त्यांची अख्खी दुपार गेली, आणि पुढच्या वेळी कॅमेऱ्यातला लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन चालू ठेवायला सांगितले. तो चालू असला की कॅमेरा फोटोनंतर शटर बंद ठेवून तेवढ्याच वेळाचा दुसरा फोटो घेतो आणि त्यातले पेटलेले बिंदू पहिल्यातून वजा करतो. सव्वाचार मिनिटांच्या फोटोला आणखी सव्वाचार मिनिटे थांबावे लागते, आणि संध्याकाळ उतरत असताना तेवढे थांबणे जिवावर येते, पण दुसरा मार्ग नाही.

तिसऱ्या प्रिंटबद्दल जास्त लिहायचे आहे, कारण कागदाची खरी पारख तिथे झाली.

आपला जिल्हा कृष्णधवल चित्रकाराला दोन्ही टोके देतो. पश्चिमेला खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात डोंगर धुक्यात विरघळून जातात, आणि तिथले चित्र जवळजवळ सगळे पांढऱ्याच्या बाजूला असते. पूर्वेला बैलहोंगल, सौंदत्तीकडे गेले की काळी माती सुरू होते आणि नांगरून ठेवलेले रान क्षितिजापर्यंत पसरलेले असते. एप्रिलमध्ये मी सौंदत्तीच्या वाटेवर असे एक रान टिपले होते : खालच्या तीन चतुर्थांश भागात नांगराचे तास पडलेली काळी माती, वर आभाळाची अरुंद पट्टी, आणि दोन्हींच्या सीमेवर एकच बाभूळ. राकसकोपच्या चित्रात सगळा भार पांढऱ्यावर होता, इथे सगळा काळ्यावर.

पहिल्या दोन्ही प्रिंट जर्मनीतल्या हानेम्यूले कंपनीच्या फोटो रॅग कागदावर झाल्या होत्या. हा शंभर टक्के कापसाचा, ३०८ जीएसएमचा (चौरस मीटरला ३०८ ग्रॅम) मॅट कागद आहे. त्याला चमक अजिबात नाही, आणि समोरून बघा किंवा बाजूने, धुके सारखेच दिसते. राकसकोपच्या चित्राला मला याहून चांगला कागद सुचत नाही. म्हणून मी तिसऱ्या चित्रालाही तोच मागितला. अण्णा म्हणाले, “मॅटवर माती झोपणार बघा,” आणि तरीही माझ्या समाधानासाठी दोन पट्ट्या काढल्या : एक फोटो रॅगवर आणि एक त्यांच्याकडच्या बरायटा या चमकदार कागदावर.

दोन्ही पट्ट्या खिडकीपाशी शेजारी शेजारी ठेवल्यावर फरक सांगावा लागला नाही. मॅट कागदाचा सगळ्यात गडद काळा साधारण १.६ घनतेपर्यंत जातो, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी अडीच टक्के तो परत पाठवतो. बरायटाचा काळा २.३ च्या आसपास पोचतो आणि अर्धा टक्काच परत पाठवतो. हे आकडे मला आधी ठाऊक होते, पण मातीत ते कसे दिसतात हे ठाऊक नव्हते. मॅट पट्टीवर जवळचे तास दिसत होते आणि पुढे गेल्यावर सगळे एका कोळशाच्या रंगात मिटून गेले होते. बरायटावर तेच तास बाभळीपर्यंत मोजता येत होते, प्रत्येक ढेकळाला एक उजळ बाजू होती, आणि नांगर जिथे वळला तिथला कंगोराही दिसत होता. कमी वस्तूंच्या चित्रात माती नुसती काळी पट्टी झाली, तर उरते काय? बाभूळ आणि थोडे आभाळ. चित्राचा जीव त्या तासांत होता.

बरायटाला चमक आहे आणि खिडकीचा उजेड त्यावर पडतो, ही त्याची अडचण आहे. ती लक्षात घेऊन जागा निवडावी लागते. मी ती प्रिंट खिडकीच्या समोरच्या भिंतीवरून काढून आतल्या आडव्या भिंतीवर नेली.

मॅट कागद कधी काळ्या चित्राला वापरलाच, तर एक गोष्ट इथे शिकण्यासारखी आहे. कापसाच्या कागदावर सुटे बारीक तंतू असतात. तंतूवर शाई पडते, नंतर तो गळून जातो आणि त्याखालचा पांढरा ठिपका उघडा पडतो. प्रिंटरमध्ये कागद घालण्याआधी अण्णा तो उभा धरतात आणि चित्रकाराच्या रुंद, मऊ ब्रशने वरून खाली दोनदा हलक्या हाताने झाडतात. मी उन्हाच्या तिरिपेत पाहिले. ब्रश फिरला की कापसाची बारीक धूळ उडत होती. मोठ्या छपाई सेवेत कोण प्रत्येक कागदासाठी हे करील, मला सांगता येणार नाही. इथे होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

फाइल तयार करणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा, जो माझ्या चौथ्या, न छापलेल्या चित्राने शिकवला. बेळगावच्या पश्चिमेची तांबडी माती आणि तिच्यावरचे हिरवे भात रंगात किती वेगळे दिसतात, पण साध्या पद्धतीने कृष्णधवल केले की दोन्ही एकाच करड्यात बसतात आणि बांध नाहीसा होतो. फोटोतली लाल वाहिनी, म्हणजे लाल रंगाचा वाटा, वाढवली की माती उजळते आणि भात गडद राहते, हिरवी वाढवली की उलट होते. येळ्ळूरजवळ राजहंसगडाच्या पायथ्याशी काढलेल्या त्या फोटोत मी हे केले नव्हते. अण्णांनी तो छापायला नकार दिला. आधी चित्रात बांध दिसू दे, मग या, असे त्यांचे म्हणणे होते. पैसे मिळत असताना काम परत करणारा छपाईवाला मी पहिल्यांदाच पाहिला.

आता व्यवहाराच्या गोष्टी. १२ इंची चौरस प्रिंटला मला फोटो रॅगवर १,१०० रुपये पडले, बरायटावर १,२५०. चाचणीपट्टीचे १०० रुपये वेगळे घेतात, आणि ते जास्त नाहीत. वेळ मात्र लागतो : पहिल्या प्रिंटला सोळा दिवस, दुसऱ्याला बारा, तिसऱ्याला तीन आठवडे. जुलैत वीज सतत जात होती आणि छपाई मध्येच थांबली तर तो कागद फुकट जातो, म्हणून पाऊस जोरात असला की अण्णा मोठी प्रिंट सुरूच करत नाहीत. कारण पटण्यासारखे आहे, पण काम कधी होईल हे आधी सांगितले जात नाही, फोन आपणच करावा लागतो, आणि बाहेरच्या खोलीत विचारले तर उत्तर मिळत नाही. घाईच्या कामाला, प्रदर्शनाची तारीख ठरलेली असेल तर, मी इथे जायला सांगणार नाही.

फ्रेमिंगची बाजूही कमजोर आहे. माउंटसाठी आम्लविरहित बोर्ड मागितला तर मागवून देतात, न मागितल्यास साधा बोर्ड लावतात. काही वर्षांत साधा बोर्ड पिवळा पडतो आणि प्रिंटच्या कडेला डाग धरतो, तेव्हा हे काम विचारल्याशिवाय व्हायला नको. काच साधीच आहे. बरायटाच्या चमकेवर साधी काच म्हणजे दुहेरी प्रतिबिंब. मी दोन प्रिंट फ्रेम न करता नेल्या आणि दुसरीकडे फ्रेम केल्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात भिंतींना ओल येते, म्हणून फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवून घेतले, म्हणजे प्रिंट आणि भिंत यांच्यात हवा खेळती राहते. नवी प्रिंट निदान एक दिवस उघडी वाळू दिल्याशिवाय काचेत घालू नये, नाहीतर शाईतला ओलसर अंश काचेच्या आतून धूसर थर धरतो. ही सूचना अण्णांनी स्वतःहून, कागदावर लिहून दिली.

प्रिंट देताना ती दोन जाड पुठ्ठ्यांत, वर पातळ, गुळगुळीत कागद घालून देतात. मॅट पृष्ठभागावर नखाचा हलका ओरखडासुद्धा कायमचा राहतो, आणि धुक्यात तो लगेच दिसतो, म्हणून घरी पोचेपर्यंत पाकीट उघडू नका. मी पहिल्याच दिवशी दुकानाबाहेर मित्राला दाखवायला उघडले होते. खालच्या कडेपाशी अर्ध्या इंचाची एक रेघ आजही दिसते.

येळ्ळूरच्या फोटोतला बांध आता दिसतो आहे. लाल वाहिनी थोडी वाढवली, भात गडद झाले आणि माती उजळ पडली. अण्णांकडे गणपतीपर्यंत लग्नाच्या अल्बमचे काम कमी असते आणि मागची खोली मोकळी असते, त्यामुळे या आठवड्यात फाइल नेऊन देणार आहे, या वेळी आधीच १६ बिटमध्ये आणि चौकटीचे माप चिठ्ठीवर लिहून.